अनुभव धागा: पहिलं ‘गुड मॉर्निंग’, पहिलं ‘माय नेम इज’

फोंड्याची_टीचर

गणेशचवथीच्या खरेदीला शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेले होते. मिरच्या घेऊन बसलेल्या एका बाईच्या बाजूला तिची मुलगी, तिसरी-चौथीतली असेल, वही मांडीवर घेऊन बसलेली. एक परदेशी आजी मिरच्या बघायला वाकल्या तशी पोरगी उठून उभी राहिली, "गुड मॉर्निंग, माय नेम इज" करून नाव सांगितलं आणि लगेच, "अँड यू?" आजींनी नाव सांगितलं. पोरीने ते मोठ्याने म्हणून बघितलं, बरोबर आलं ना म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत. आजींनी मान हलवली, दोघी हसल्या. मिरच्यांचा भाव त्यानंतर झाला.

ते ‘अँड यू’ ऐकून मी पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले. आपल्याकडे मुलांना ओळख शिकवतात ती पाठांतर म्हणून. माय नेम इज, आय स्टडी इन, माय फादर्स नेम इज, थँक यू, की झालं, बस खाली. समोरच्याला काही विचारायचंच नाही. ह्या पोरीला कुणीतरी विचारायला शिकवलंय, आणि उत्तर ऐकून घ्यायलाही. ज्या कुणी शिकवलं त्यांना माझा मनापासून नमस्कार.

त्यावरून आमचा संध्याकाळचा वर्ग आठवला. देवळाच्या सभागृहात घ्यायचे मी, बचत गटातल्या बायकांसाठी. आमच्या बाजूला मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, पर्यटकांच्या बसेस सारख्या येतात आणि ह्या बायका फुलं, खाजें, सोलं विकणाऱ्या, गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलता यावेत एवढंच त्यांचं मागणं. पहिल्या दिवशी ‘व्हॉट इज युवर नेम’ घेतलं तर कोण तोंडच उघडेना. शेवटी एक काकी म्हणाल्या, "टीचर, खंयचें नांव सांगूं? म्हायारचें काय घोवागेरचें?" आमच्या वर्गात बहुतेकींचं नाव लग्नात बदललेलं. आणि सगळ्या एकाच वाड्यावरच्या, रोज विहिरीवर भेटणाऱ्या, त्यांनी एकमेकींना नाव विचारायचं म्हणजे नाटकच की. म्हटलं, मग माहेरचं सांगा, इथे कोणाला ठाऊक नाही ते. एक काकी उभ्या राहिल्या, पदर नीट केला, आणि "माय नेम इज" म्हणून माहेरचं नाव घेतलं. त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण ओरडली, "इतलीं वर्सां जालीं, म्हाका खबरूच ना गे!" मग ‘नाइस टू मीट यू’ दोघींनी एकमेकींना म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं. त्या वर्गात पुढे जे काही झालं ते त्या एका संध्याकाळच्या जोरावर झालं असं मी मानते. खरंच माहीत नसलेली गोष्ट विचारायला मिळाली की बोली आपोआप फुटते.

तुमचे अनुभव लिहा. शिकवणारे, शिकणारे, घरात आईबाबांना शिकवलेले, सगळेच. मला वाचायचेत.

रानफूल

आमच्याकडे मासे. म्हणजे पहिलीच्या वर्गात मी सगळ्यांना माशांची नावं देते, चिठ्ठी उचलायची, कोणाला दाखवायची नाही, मग वर्गभर फिरायचं आणि विचारत सुटायचं, हॅलो, व्हॉट्स युवर नेम, माय नेम इज इसवण, नाइस टू मीट यू इसवण, आय एम बांगडो. तू म्हणतेस तेच गं, वर्गातल्या मैत्रिणीला नाव विचारण्यात काय गंमत, पण ती आज तिसऱ्यो आहे की मुडदुशी हे खरंच माहीत नसतं ना मग विचारतात, जीव तोडून विचारतात. एका मुलाच्या घरी मासे खात नाहीत तर तो म्हणाला मी मानकुराद आंबा, म्हटलं हो रे बाळा तू मानकुराद. आणि एक आहे तो दर वेळी शार्कच. चिठ्ठीत काहीही येऊ दे, हा शार्क. त्याच्याशी हात मिळवताना बाकीची पोरं किंचाळतात, शेजारच्या वर्गाच्या टीचर दोनदा बघून जातात काय झालं म्हणून

पेडणेकार

मानकुराद म्हटल्यावर राहवलं नाही, ह्या वर्षी आमच्या झाडाला मोजकेच धरले आणि पावसाने ते पण झोडपले. धागा छान आहे, वाचतोय.

रानफूल

अरे अरे. आमच्याकडे पण तेच, मुसराद मात्र बरे होते, लोणचं घातलं.

शिपवालो

मी शिपवर होतो, केबिन स्टुअर्ड. आता गावातच आहे. सांगतो माझं.

मडगावला ट्रेनिंगला जायचो तेव्हा सरांनी पहिला आठवडा फक्त दार शिकवलं. वर्गाच्या दाराबाहेर उभं राहायचं, तीन वेळा टकटक करायची, "हाउसकीपिंग" म्हणायचं, थांबायचं. आतून आवाज आला की "गुड मॉर्निंग सर, माय नेम इज… आय एम युवर केबिन स्टुअर्ड." आम्ही पोरं हसायचो की एवढंच? पण हे ‘थांबायचं’ आहे ना, ते कोणालाच जमत नव्हतं. टकटक, हाउसकीपिंग, गुडमॉर्निंगसर, सगळं एका दमात, समोरच्याला काय कळणार. सर म्हणायचे नावाच्या आधी श्वास घे, नाव सावकाश सांग, तुझं नाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलंय. माझ्या आडनावात ‘ळ’ आहे तर मी पहिलं नावच सांगायचो, तेही तुकडे पाडून.

वेळेचं पण. दुपारी बारा वाजले की आफ्टरनून. आणि रात्री अकरा वाजता गेस्ट कॉरिडॉरमध्ये भेटला तरी ‘गुड इव्हिनिंग’, ‘गुड नाइट’ नाही, गुड नाइट म्हणजे निघताना, झोपायला जाताना. हे आमच्या पोरांना पटतच नाही, रात्र आहे ना मग नाइट का नको. मार्लिन्स टेस्टमध्ये (शिपवर जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा) ऐकण्याचा भाग असतो त्यात पोरं अडकतात ते ह्याच्यासाठीच, बोलायचं पाठ केलेलं असतं पण समोरचा जरा वेगळं बोलला की गप्प.

आता वाड्यावरची पोरं इंटरव्ह्यूच्या आधी माझ्या बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) येऊन बसतात. मी त्यांना सगळ्यात आधी नमस्कार शिकवत नाही, "सॉरी, कॅन यू से दॅट अगेन प्लीज" शिकवतो. हे एक वाक्य तोंडात बसलं की अर्धी भीती गेली, कारण नाही कळलं तर काय करायचं ते ठाऊक असतं.

चाफा

शिपवालो, हे वाक्य आधी शिकवायचं हे फार म्हणजे फारच पटलं. उद्यापासून मी पण.

साखळीची_लेक

मी बाबांना शिकवलंय. आमचा ट्रक मायनिंगला होता. २०१२ला खाणी बंद झाल्या, मग मधे सुरू झाल्या, परत २०१८ला बंद. ट्रक अंगणात उभा, टायर पण विकले शेवटी. डिचोली साखळी बाजूच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. बाबांनी टॅक्सी घ्यायचं ठरवलं तेव्हा आई म्हणाली, अहो पण पॅसेंजरशी बोलणार कसे? बाबा खाणीवर सगळ्यांशी कोंकणीतून, फार तर हिंदी.

रात्री जेवण झाल्यावर बसायचो आम्ही. मी पॅसेंजर, ते ड्रायव्हर. मी म्हणायचे, "गुड इव्हिनिंग, व्हॉट इज युवर नेम?" तर बाबा, "तुका म्हजें नांव खबर ना?" आणि टीव्ही लावायचे. खरंच सांगते, रोज हेच. मुलीला नाव सांगायची त्यांना लाज वाटायची असं आई म्हणाली. मग पुण्याच्या माझ्या आत्येभावाला सांगितलं, तो अनोळखी नंबरवरून फोन करायचा, पॅसेंजर बनून, आवाज बदलून. बाबांना पहिल्यांदा खरंच कळलं नाही. उभे राहिले, शर्टाचं बटण लावलं फोनवर (!) आणि "गुड इव्हिनिंग सर. आय एम युवर ड्रायव्हर. मे आय नो युवर नेम सर?" सगळं व्यवस्थित. आई आत ओट्याजवळ तोंडात पदर धरून उभी.

२०२३च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला तेव्हापासून बाबा तिथे जातात. पहिल्या दिवशी रात्री घरी आले ते सांगत सुटले, कोण आलं, कुठून आलं, काय नाव. पॅसेंजरांची नावं लक्षात ठेवायची त्यांना सवयच लागलीय.

मांडवीतीर

वाचताना डोळे भरले गं. बाबांना नमस्कार सांग. आमच्या मामाचे पण ट्रक होते, कुडचडे बाजूला.

साखळीची_लेक

सांगते. मामा आता काय करतात?

मांडवीतीर

बागायत. सुपारी आणि थोडी मिरी. बरं चाललंय, माकडं सोडली तर.

पेडणेकार

माकडांवर वेगळा धागा काढा, माझ्याकडे भरपूर आहे लिहायला.

निवृत्त_मास्तर

फोंड्याच्या टीचर, चांगला विषय काढलात. मी जुन्या काळचं सांगतो. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा मी लहान होतो. आमच्या वडिलांचं शिक्षण पोर्तुगीजमधून, प्रिमेर ग्राव म्हणजे प्राथमिक झालेले, आणि घरात मराठी पोथ्या. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यातल्या एका शाळेत मी गेलो. शाळा म्हणजे एका भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घराची पडवी. आमचे मास्तर बेळगावकडून आलेले. पाचवीत गेल्यावर इंग्रजी. हायस्कूल इंग्रजी माध्यमाचं, म्हणजे काल मराठीत गणित आणि आज इंग्रजीत.

मास्तरांनी जाता जाता आम्हाला चौथीतच तयार केलं होतं. त्यांची पद्धत अशी की शाळेच्या उंबरठ्यावर रोज एक मुलगा उभा करायचा, आणि येणाऱ्या प्रत्येकाने त्याला "गुड मॉर्निंग" म्हणून नाव सांगूनच आत यायचं. मास्तरसुद्धा! मास्तर स्वतः रांगेत उभे राहून माझ्यासमोर आले आणि "गुड मॉर्निंग, आय एम युवर टीचर" म्हणाले तेव्हा माझी छाती भरून आली होती. त्यांच्या गळ्यात उपरणं, हातात छत्री, पायात चिखल, तो सगळा देखावा माझ्यापुढे आजही आहे.

घरी येऊन मी वडिलांना "गुड मॉर्निंग" म्हटलं की ते पेपर खाली न करता "बों दिया" म्हणायचे. रोज. मी गुड मॉर्निंग, ते बों दिया. आणि शेजारचे पदेर (पाववाले) पोई घेऊन यायचे ते आईला "देव बरो दीस दिवं" म्हणायचे. मी मास्तर झाल्यावर वर्गात हे मुलांना सांगत असे. नमस्कार ही गोष्ट मुलाला येतेच. मोठं माणूस दिसलं की काय करायचं हे घरातून शिकूनच ते शाळेत येतं. आपण फक्त त्याच्या हातात आणखी एक रीत द्यायची. म्हणून नवीन शिक्षकांना माझं सांगणं असायचं, आधी मुलाला घरी कसा नमस्कार करतोस ते करून दाखवायला सांगा. मग इंग्रजी.

चाफा

मास्तर, तुम्ही पाचवीचं लिहिलंत म्हणून मी लिहिते, एरवी लिहिणार नव्हते. मी पण मराठी प्राथमिकमधून पाचवीला इंग्रजी हायस्कूलात गेले. शाळेचं नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी टीचर म्हणाल्या, वन बाय वन, कम हिअर अँड इंट्रोड्यूस युवरसेल्फ. मला इंट्रोड्यूस शब्दच कळला नव्हता. बाकीची मुलं इंग्रजी प्राथमिकमधली, फाडफाड. माझी पाळी आली, मी पुढे गेले, फळ्याकडे पाठ, आणि नाव सोडून काही बोलता आलं नाही. टीचर म्हणाल्या, "दॅट्स ऑल?" वर्ग हसला. पूर्ण पाचवी मी त्या टीचरच्या तासाला हात वर केला नाही.

आता मी पाचवीलाच शिकवते, मुद्दाम मागून घेतली पाचवी. माझ्या वर्गात पहिला आठवडा कोणीही एकटं उभं राहत नाही. जोड्या. मराठी प्राथमिकमधलं एक, इंग्रजीतलं एक असं नाही हं, दोघं सारखी, नाहीतर एकच बोलत राहतं. दोघांनी एकमेकांना तीनच गोष्टी विचारायच्या, नाव, गाव आणि आवडतं काय. मग स्वतःबद्दल नाही सांगायचं, जोडीदाराबद्दल सांगायचं. "दिस इज माय फ्रेंड. शी इज फ्रॉम सांगे. शी लाइक्स फुटबॉल." दुसऱ्याची ओळख करून देताना मुलं घाबरत नाहीत, माझा अनुभव आहे हा, सगळ्यांचं लक्ष जोडीदाराकडे असतं ना. आणि ज्याची ओळख होते ते पोर नुसतं उजळतं. एकाने स्वतःच्या जोडीदाराचा हात धरून त्याला वर उचलून दाखवलं होतं, ट्रॉफीसारखं.

वास्कोवाली

चाफा, मिठी तुला.

केपें_कट्टा

म्हणूनच म्हणतो की पहिलीपासून इंग्रजी माध्यमच पाहिजे होतं, २०११ला सरकारने अनुदान दिलं तेव्हा आमच्या गावात केवढी भांडणं झाली, आता कोण

फोंड्याची_टीचर

केपें_कट्टा, भाऊ, माध्यमाचा वाद इथे नको प्लीज. त्यावर बोलायला लागलो तर चवथ उलटून जाईल. तुमचा अनुभव लिहा ना, शिकलात कसे ते.

केपें_कट्टा

बरोबर आहे टीचर. मी शिकलो फुटबॉलवर. आमचा कोच सगळं इंग्रजीत. मॅचच्या आधी समोरच्या टीमशी हात मिळवायचा आणि नाव सांगायचं, अकरा जणांना अकरा वेळा. दहाव्यापर्यंत तोंड साफ होतं. झालं, एवढंच.

फोंड्याची_टीचर

एवढंच काय, हे तर उत्तम आहे! आमच्या वर्गात हेच करायचा प्रयत्न असतो, तेच वाक्य पुन्हा पुन्हा पण माणूस नवीन.

वास्कोवाली

आमच्याकडे वेगळं. मी वास्कोत सरकारी मराठी शाळेत आहे. पटावर बघाल तर घरी कन्नड बोलणारी, लमाणी बोलणारी, हिंदीवाली, ओडियावाली, आणि दोन-चार कोंकणी. बाप शिपयार्डात नाहीतर बांधकामावर. मराठी शाळा म्हणून मराठी शिकवायची, पण पहिल्या दिवशी वर्गात एकमेकांची भाषा कोणालाच धड येत नाही. इथे इंग्रजी ‘हॅलो’ कामाला येतं, सगळ्यांनाच नवीन, कोणी पुढे नाही कोणी मागे नाही.

माझ्याकडे मोज्याची एक बाहुली आहे, बटणाचे डोळे, जिभेला लाल रिबन. ती मोज्यातून बाहेर येते आणि कोणाचंही नाव चुकीचं ऐकते. मुलगी नाव सांगते, बाहुली भलतंच म्हणते, मुलगी जोरात परत सांगते, बाहुली परत चुकते, तिसऱ्यांदा सगळा वर्ग मिळून ओरडून सांगतो. मुलांची नावं नीट म्हणायला मला शिकावं लागतं, कन्नड नावातले आकार उकार मला पटकन येत नाहीत, तर मी पण त्यांना "से इट अगेन प्लीज" म्हणते आणि जमेपर्यंत म्हणते. एका बाळाची आई शाळा सुटताना आली होती, गजगहून आलेली बहुतेक नाही गदगहून (फोनवर टाइप करतेय, एका हाताने भाकरी), तिने माझ्याकडून लेकराचं नाव ऐकलं आणि लाजून हसली, म्हणाली टीचर बरोबर म्हणतात.

निवृत्त_मास्तर

वास्कोच्या टीचर, मुलाचं नाव नीट उच्चारणं हा पहिला धडा. धन्य आहात.

नवीन_सदस्य_पर्वरी

एक विचारायचं होतं. ‘मायसेल्फ अमुक अमुक’ हे चूक आहे ना? आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात.

चाफा

हो, "आय एम" किंवा "माय नेम इज". पण मुलं म्हणाली तर मी मधेच तोडत नाही. "ओह, यू आर अमुक! हॅलो!" असं म्हणते, दोन-चार दिवसांत आपोआप बदलतं.

शिपवालो

मी तोडतो. सॉरी पण इंटरव्ह्यूवाला कान टवकारून बसलेला असतो, ‘मायसेल्फ’ आणि ‘माय गुड नेम इज’ ऐकलं की पुढचं ऐकतच नाही असे बघितलेत. लहान मुलांचं वेगळं, माझ्याकडे येणाऱ्यांना पंधरवड्यात बोट पकडायची असते.

चाफा

मान्य. तुमच्या पोरांची घाई वेगळी.

काणकोणकार

पाळोळ्याला आमच्या घरात दोन खोल्या पर्यटकांना देतो. आई बघते सगळं. मी तिला शिकवलं, कोणी "हाउ आर यू" म्हटलं की "आय एम फाइन, थँक यू, अँड यू" म्हणायचं. आईला पटेना. म्हणे माणूस तब्येत विचारतोय आणि मी फाइन म्हणून खोटं बोलू? गुडघे दुखताहेत माझे. एक इंग्लंडच्या म्हाताऱ्या बाई आल्या, त्यांनी विचारलं हाउ आर यू, तर आईने सरळ गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "नो फाइन. पेन." त्या बाईंनी स्वतःचा फ्रॉक जरा वर करून गुडघ्याचं ऑपरेशनच दाखवलं! दोघी सोप्यावर बसून अर्धा तास गुडघे गुडघे. आई कोंकणीत, त्या इंग्रजीत. त्या बाई त्यानंतर परत आल्या तर आईसाठी मलम घेऊन. शिकवलेलं वाक्य चांगलंच आहे, पण आईचं बघून मला वाटतं की विचारणाऱ्याला खरंच ऐकायचं असेल तर सांगावं.

मांडवीतीर

हाहा कसलं गोड. आईंना विचार मलम कुठलं

काणकोणकार

संपलं ते. आता परत खोबरेल आणि कापूर.

आल्तिनो

माझ्या मुलाला ऐकू कमी येतं. मशीन आहे कानाला. शाळेत ओळखीचा तास असला की आधी त्याला घाम यायचा, समोरचा काय बोलला ते कळायचं नाही. त्याच्या टीचरने सगळ्या वर्गाला सांगितलं, नाव सांगताना समोर बघून सांगायचं, हात तोंडासमोर नको, आणि हात हलवून ‘हॅलो’ करायचं. सगळा वर्ग तसाच करायला लागला. आता तो स्वतःहून लिफ्टमध्ये लोकांना हॅलो करतो. दिवसभरात भेटेल त्याला. वॉचमनला तर रोज चार वेळा नाव सांगतो.

रानफूल

किती छान टीचर. समोर बघून बोलायचं हे तर सगळ्यांनाच उपयोगी, आमची पोरं जमिनीकडे बघून नाव सांगतात.

मांडवीतीर

विषय सोडून विचारते, माटोळीसाठी (गणपतीच्या वर फळं बांधतात ती) कांगलां कोणाला कुठे दिसली का? पणजी बाजारात काल नव्हती. तोरिंग मिळालं.

पेडणेकार

आमच्याकडे डोंगरात आहेत. म्हापशाला येतील आदल्या दिवशी, सकाळी लवकर जा.

मांडवीतीर

देव बरें करूं!

पेडणेकार

आणि धाग्याचं पण लिहितो एकदाचं. माझे काका म्हापशाला पायलट. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे मोटरसायकलवर भाडं नेणाऱ्याला पायलट म्हणतात, पिवळा-काळा रंग असतो गाडीला. काका परदेशी माणसाला अभिमानाने "हॅलो सर, आय एम पायलट" म्हणायचे, ती माणसं आकाशाकडे बघायची. मी म्हटलं काका, पुढे "मोटरसायकल" जोडा. आता ते "आय एम मोटरसायकल पायलट, व्हेअर यू गो सर" म्हणतात, आणि हॅंडलवर हात मारून दाखवतात. लोक हसत बसतात मागे. मी वाक्य सुधारायच्या भानगडीत पडलेलो नाही, त्यांना जे हवं ते त्यांना मिळतंय.

साखळीची_लेक

बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणतात काकांना सांग मोपाला या, चहा पाजतो.

हळदीचं_पान

उशिरा आले, लायट गेली होती. मला मदत पाहिजे. माझा दीर सहकुटुंब इंग्लंडला असतो, स्विंडनला, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेले. पुतण्याचं तिथल्याच मुलीशी लग्न ठरलंय. सासूबाईंना नातसुनेशी बोलायचंय व्हिडिओ कॉलवर. सत्तरी पार आहेत, मराठी चौथी शिकलेल्या, इंग्रजी अक्षर ओळखत नाहीत. मला सारखं विचारतात, "बाये, तिका कितें म्हणूं?" कुठून सुरू करू? लिहून दिलं तर वाचता येणार नाही ना.

निवृत्त_मास्तर

देवनागरीत मोठ्या अक्षरात लिहून द्या की! चौथी झालेल्या आहेत ना. फोनच्या मागे भिंतीवर चिकटवा म्हणजे नजर फोनकडेच राहील. पण तीन ओळींच्या वर नको.

फोंड्याची_टीचर

मास्तर म्हणतात ते अगदी बरोबर. आणि ताई, पहिली ओळ नातसुनेच्या नावाने सुरू होऊ दे. ते नाव आजींच्या तोंडात आधी बसवा, कॉल यायच्या आधी घरात दोन-चार दिवस ते नाव घेत राहा सगळ्यांनी. मग "हॅलो" आणि ते नाव. दुसरी ओळ "आय एम आजी". ग्रँडमदर वगैरे नको, तिला आजीच म्हणू दे. तिसरी "हाउ आर यू". तिने काही लांबलचक सांगितलं तर पुतण्या आहेच सांगायला.

शिपवालो

आणि एक "सॉरी, अगेन प्लीज". चार ओळी चालतील मास्तर.

निवृत्त_मास्तर

चालतील.

हळदीचं_पान

लिहिलं. खडूने नको म्हणून मार्करने, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. सासूबाई आताच मोठ्याने वाचताहेत, नाव बरोबर येतंय! "आय एम आजी" म्हणताना हातवारे करताहेत. उद्या रात्री नवाला कॉल आहे. आता म्हणतात "गुड नाइट" पण शिकव, सुरुवातीला म्हणते.

शिपवालो

सुरुवातीला नको ताई! आता तिथल्या उन्हाळ्यात ते लोक आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. आपले रात्रीचे नऊ म्हणजे तिथे दुपारचे साडेचार. सुरुवातीला "गुड आफ्टरनून" शिकवा, तिला एकदम बरं वाटेल की आजींनी तिचं घड्याळ बघितलं.

हळदीचं_पान

सांगितलं त्यांना. म्हणतात, "मगीर ताणें म्हाका गुड नाइट म्हणूंक जाय." पुतण्याला मेसेज टाकते, तिला सांगून ठेव म्हणून.